वाटून घेतलेल्या गोळ्या

गुलनारच्या डबीचा तळ नारिंगी झाला होता. कडा नाहीत, झाकण नाही; फक्त तळ, आणि तळापासून एका कोपऱ्यात पेरभर वर चढलेला ओघळ. टोमॅटोचा रस्सा प्लॅस्टिकच्या डब्यात दिवसभर राहिला की डब्याला जो रंग चढतो, तसा. तो साबणाने जात नाही, राखेने जात नाही, उन्हात पालथा घातला तरी जात नाही. पंचफुलाने पांढऱ्या पातळाच्या पदराचं टोक ओलं केलं आणि डबीच्या तळावर दाबून फिरवलं. पदर पांढरा तो पांढराच राहिला.

मग तिने आपली डबी उजेडाकडे धरली. आतून बाहेरून स्वच्छ. पाणी भरून ठेवलं तर मध्ये डबी आहे की नाही कळू नये, इतकी स्वच्छ.

यवतमाळच्या दवाखान्यात, तोंडाच्या आजारांच्या विभागाबाहेर, व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकावर ती बसली होती. गुलनार आत डॉक्टरांकडे गेली होती आणि जाताना आपली पिशवी हिच्या मांडीवर टाकून गेली होती. "रुपाली मॅडमनं गोयाच्या डब्या मांगतल्या तं काढून दे वो बाई. मी आलीच." त्या काढून ठेवताना हे दिसलं.

डब्या एकाच दुकानातल्या. जूनमध्ये गुलनारनेच राळेगावच्या बाजारातून दोन आणल्या होत्या, एक स्वतःला, एक पंचफुलाला. तेव्हापासून दर खेपेला दोघींना दवाखान्यातून मिळालेल्या बाटल्या गुलनार परतीच्या एसटीत उघडायची आणि गोळ्या दोन्ही डब्यांत भरायची. निम्म्या हिच्या, निम्म्या तिच्या. दोन्ही डब्यांत एकच माल. मग रंग एकीलाच कसा चढला?

पंचफुलाने तो प्रश्न जरा बाजूला सारला. डोक्यात आधीच एक मोठा विषय बसला होता.

थोड्या वेळापूर्वी तीच आत होती. मागच्या खेपेला डॉक्टर मॅडमनी तिच्या जिभेच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्याचा रिपोर्ट आला होता. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच पंचफुलाला समजलं. चांगली बातमी सांगायला कोणी खुर्ची ओढत नाही.

"पंचफुलाबाई, हा नुसता चट्टा राहिलेला नाही. पेशी बिघडत चालल्या आहेत. अजून कॅन्सर म्हणत नाही मी, पण आता फार लांब नाही. या वेळेस 'पाहू' म्हणू नका."

"अन् नाई कापलं तं?"

"तर पुढच्या वेळी मला जास्त कापावं लागेल. बाहेर बसा, विचार करा. जाण्याआधी रुपालीला सांगून जा."

'पाहू' हा पंचफुलाचाच शब्द. खर्रा खायची सवय तिला तरुणपणापासून होती. निंदणाच्या टोळीत दुपारपर्यंत पोट दाबून ठेवायचं, तर गालात सुपारी-तंबाखूची ती चिमूट लागायचीच. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला, तो कापून टाकू असं डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा खर्रा तिने त्याच दिवशी सोडला. लोकांना आश्चर्य वाटलं. चट्टा कापायला मात्र ती तयार होईना. आधी म्हणाली, जयंती होऊ द्या. मग म्हणाली, बुद्धपौर्णिमा होऊ द्या. मग निंदण.

खरं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. विहारात वंदना पंचफुला सांगायची आणि बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. जयंतीच्या मिरवणुकीत बाकीचे गाणारे लाउडस्पीकरवर असत; पंचफुला नुसत्या तोंडाने गायची आणि नाल्यापलीकडच्या वावरात काम करणारे लोक मान वर करून म्हणायचे, निघाली मिरवणूक. नवरा गेल्यावर, पोरगा संघदीप बुटीबोरीच्या कंपनीत लागल्यावर, घरात तिच्याजवळ राहिलं होतं ते एवढंच. त्या जिभेचा तुकडा काढून द्यायचा म्हणजे काय, हे डॉक्टरांना कसं सांगणार?

म्हणून गोळ्यांचं ऐकल्यावर ती पुढे सरसावली.

ते समजावून सांगितलं होतं रुपालीने. रुपाली दारव्ह्याकडची, जीवरसायनशास्त्र शिकलेली, या गोळ्यांच्या अभ्यासाचं सगळं काम पाहणारी. आवाज हळू, पण शब्द तोलून बोलणारी. गुलनार आणि पंचफुला त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींशेजारी बसल्या होत्या. गुलनार राळेगावची, नवरा वाहिद मोटरसायकली दुरुस्त करायचा, ती स्वतः साड्यांना पिको-फॉल लावायची. दातांना तंबाखूचा गुडाखू घासून घासून तिच्या गालाच्या आत चट्टा पडला होता.

"टोमॅटोला, टरबुजाला जो लाल रंग असतो ना, तो देणारा घटक या गोळीत आहे," रुपाली म्हणाली होती. "प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर तो टाकला, तर त्यांची वाढ मंदावल्याचं दिसलं आहे. माणसाच्या तोंडातल्या चट्ट्यावर त्याचा उपयोग होतो का, ते माहीत नाही. तेच पाहायचं आहे. म्हणून निम्म्या लोकांना ही गोळी, आणि निम्म्यांना हुबेहूब अशीच दिसणारी, पण तो घटक नसलेली."

"मंजे एकीले भाजी अन् एकीले नुसतं रंगाचं पाणी?" पंचफुलाने विचारलं.

"साधारण तसंच."

"कोणाले काय, ते तुमाले माहीत?"

"मला नाही. डॉक्टरांनाही नाही. संगणक चिठ्ठ्या टाकतो."

"घ्या!" गुलनार हसली. "वाढणारीच्याच डोयाले पट्टी."

रुपालीही हसली. मग तिने पुन्हा एकदा, सावकाश, सांगितलं की आपापली गोळी आपणच घ्यायची, कोणाला द्यायची नाही, कोणाची घ्यायची नाही. दोघींनी माना डोलावल्या.

आणि कळंब यायच्या आत, एसटीत, दोघींनी गोळ्या मिसळल्या.

यात आपण काही वाईट करतो आहोत, असं दोघींच्या मनातही आलं नाही. पंचफुला सगळं आयुष्य निंदणाच्या टोळीत गेलेली बाई. तिथे दुपारी बांधावर डबे उघडले की आधी सगळ्यांच्या भाज्या एकत्र होतात. जिने वांगं आणलं तिचं, जिने नुसतं तिखट-मीठ आणलं तिचंही, सगळं एका फडक्यावर येतं आणि मग प्रत्येकीच्या भाकरीवर सारखं पडतं. आपल्या डब्यातलं आपणच खाणारी बाई दुसऱ्या दिवशी टोळीत नको असते. गुलनारही लग्नाआधी आईबरोबर निंदायला गेलेली होती. पंचफुला म्हणाली, "माय, चिठ्ठी कोणाचीबी निघो. डबे एक करू." गुलनारने लगेच ओढणी मांडीवर पसरली. तिचे डोळे चांगले, बोटं सुईची. वाटायचं काम तेव्हापासून तिच्याकडे. अर्धी तर अर्धी, पण खरी गोळी दोघींच्या पोटात जाणार, ही पंचफुलाची खात्री.

ती खात्रीच तिला 'पाहू' म्हणायचं बळ देत होती.

बाकावर बसल्या बसल्या पंचफुलाने पुन्हा दोन्ही डब्या शेजारी शेजारी धरल्या. पावसाळ्यातल्या उमसात या मऊ गोळ्या पाझरतात, एकमेकींना चिकटतात. तिच्याही पाझरल्या होत्या. तिने डबी नळाखाली धरली होती आणि सगळं लाल पाणी वाहून गेलं होतं. गुलनारच्या डबीतलं मात्र गेलं नाही. म्हणजे दोन डब्यांत दोन वेगळ्या गोळ्या. नुसत्या वेगळ्या. एकात एकही दुसरी नाही. एक जरी असती तरी हिच्या डबीला कुठे तरी ठिपका उमटला असता.

तिने डबी पुन्हा फिरवून पाहिली. तळ, कोपरे, झाकणाची खाच. ठिपका मिळावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

गुलनार बाहेर आली ती ओढणी सावरत, हसत. "तसाच हाये म्हणे चट्टा. उलटा जरासा पातय झाला. अल्ला करे, असाच राहो." मग पंचफुलाचं तोंड पाहून ती थांबली. "तुले काय सांगतलं वो बाई?"

पंचफुलाने डब्या बाकावर मांडून विचारलं,

"हे काय हाये?"

"डब्या."

"डब्या हायेत ते मले दिसते. डोये कमजोर हायेत माहे, फुटले नाईत."

गुलनारने पाहिलं. व्हरांड्यातून एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत गेला, तिच्या चाकाची किरकिर संपेपर्यंत तिने वेळ काढला.

"हळद ठेवली असंन मी तिच्यात कधी."

"नवी हाये. दोन्ही नव्या आणल्या म्हणून तूच सांगतलं. अन् हळदीचा रंग मले ओयखू येत नाई का?"

"बाई..."

"कवापासून?"

"अठी नको न. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे लोकाले. कवापासून?"

गुलनार बाकाच्या टोकाला बसली. मग खाली पाहतच म्हणाली, "मे पासून."

मे महिन्यात परतताना पंचफुला कळंबला उतरली होती, नात्यातलं लग्न होतं. आपली बाटली तिने गुलनारजवळ दिली होती, तू वाटून ठेव, मी बाजाराच्या दिवशी घेतो म्हणून. गुलनारच्या घरावर टिनाचं छप्पर. कपाटात ठेवलेल्या दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या उन्हाने पाझरल्या. वाटायच्या आधीच.

"तुह्या बाटलीतला रंग हातावरून पाण्यानं निंगाला," गुलनार म्हणाली. "माह्या बाटलीतला निंगेना. वाहिदच्या बनियनले लागला तं आजवर हाये. तवा मले समजलं, कोणाची कोणती."

"अन् मले नाई समजू देल्लं."

"सांगणारच होती वो. गोया द्याले आली तवा तोंडावर आलतं. मंग वाटलं, अर्ध्या अर्ध्यानं तं कोणाचंच भलं नाई व्हत. पुरी गेली तं एक तरी वाचंन."

"एक मंजे तू."

"माह्या पोरीचं, फरहाचं लग्न राह्यलं. वाहिदचं तं तुले माहीतच हाये, त्याले घरातलं मीठ कुठी हाये ते समजत नाई. मी गेली तं..." मग एकदम ती वर पाहत म्हणाली, "अन् गोई माहीच होती, बाई! माह्याच चिठ्ठीची. तुही मी नाई घेतली."

पंचफुलाने मान हलवली. "हाव. तुहीच होती."

हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं की गुलनारला वाटलं, मिटलं. ती थोडी जवळ सरकली.

"तुही होती, तं मले सांगाचं होतं," पंचफुला म्हणाली. "मी काय हिसकून घेतली असती? म्हटलं असतं, खाय माय, तुह्या पोरीसाठी खाय. डबा एक करायचं बोलणं मोडलं तं मोडलं. निंदणात असे किती मोडतात. पण जूनमधी आपुन दोघी आत होतो. आठोते का?"

गुलनारने मान हलवली.

"डॉक्टर मॅडमनं म्हटलं, पंचफुलाबाई, आता कापून टाकू, लहानसाच तुकडा जाईन. मी कोणाकडे पाह्यलं?"

गुलनारने डब्या उगाच सरळ करून ठेवल्या.

"तुह्याकडे पाह्यलं. माहा पोरगा नव्हता तठी, माहा मालक नव्हता. तूच होती. अन् तू काय बोलली? 'पाहू द्या न मॅडम अजून एक खेप, गोया चालू हायेत.' गोया चालू हायेत! कोणाच्या चालू होत्या, गुलनार?"

व्हरांड्यातल्या दोन-तीन बाया आता उघड उघड ऐकत होत्या. गुलनारने ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"मी नाई म्हटलं असतं, तं तुले शक आला असता," ती ओढणीआडून म्हणाली. "तवा मले सुचलंच नाई दुसरं."

पंचफुलाला या वेळी राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला फक्त जूनमधली ती खोली दिसत राहिली: गुलनारचा मेंदी उतरत आलेला हात, तो हात हिच्या खांद्यावर, आणि तो प्रेमळ आवाज. आजवर ती त्या आवाजाला सोबत समजत होती. घरी जाऊन तिने शेजारणीला सांगितलंही होतं, माझ्यासाठी ती डॉक्टरशी बोलली म्हणून. शेजारीण म्हणाली होती, परकी असून सख्ख्या बहिणीसारखी आहे. आणि पंचफुलाने त्या रात्री दिवा लावून तिच्याही नावाने वंदना म्हटली होती.

ती उठली. डब्या दोन्ही हातांत घेतल्या.

"कुठी चालली?" गुलनारने तिचं मनगट धरलं. "मॅडमले नको सांगू वो. पाया पडतो तुह्या. माह्या गोया बंद करतीन. माहा चट्टा आताच कुठी थांबून राह्यला."

पंचफुलाने तिची बोटं एकेक करून सोडवली. झटकली नाहीत. सुईने टोचून टोचून खरबरीत झालेली ती बोटं तिला अजूनही ओळखीची वाटत होती, याचाच तिला त्रास झाला.

रुपालीची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. एक टेबल, संगणक, रक्ताच्या नमुन्यांचा छोटा फ्रिज. रुपाली काहीतरी टाइप करत होती. पंचफुलाने डब्या टेबलावर ठेवल्या आणि उभी राहिली.

"बसा ना मावशी. डॉक्टरांनी सांगितलं मला. रिपोर्टचं."

"बसत नाई. मॅडम, आमी दोघी गोया एक करून वाटून घेत होतो. पहिल्याच दिवसापासून."

रुपालीचे हात थांबले. तिने पंचफुलाकडे पाहिलं, मग डब्यांकडे. नारिंगी तळ तिने लगेच ओळखला असावा, कारण तिने ती डबी उचलून खिडकीकडे धरली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पंचफुलाला ओळखीचं वाटलं. आत्ता बाहेर बाकावर आपलाही चेहरा असाच दिसला असणार.

"मी नीट सांगितलं होतं ना, मावशी? दोनदा सांगितलं होतं."

"सांगतलं होतं. पण तुमी सांगतलं तसं आमच्याकडं कोणी जेवत नाई."

रुपालीने डोळे मिटले आणि उघडले. "आणि अजूनही वाटून घेता?"

"ते हिले इचारा."

गुलनार दाराच्या चौकटीत उभी होती, आत ना बाहेर. पंचफुलाने मागे वळून पाहिलं नाही. शेवटी मागून आवाज आला, "मे पासून नाई वाटल्या. माह्या मीच घेतल्या. हिच्या हिलेच देल्ल्या. हिले सांगतलं नाई."

रुपालीने दोघींची नोंद संगणकावर उघडली.

"तुमच्या दोघींची नोंद आता अभ्यासात धरता येणार नाही," रुपाली म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "हे मला वर कळवावं लागेल. गोळ्याही बंद होतील. तपासणी मात्र चालू राहील, दोघींचीही. ती सोडू नका."

गुलनारच्या तोंडून एक हुंदका निघाला. पंचफुलाने तो ऐकला, आणि आपल्याला बरं वाटतंय का, हे तिने मनात तपासून पाहिलं. नाही वाटलं.

"एक सांगा मॅडम," ती म्हणाली. "मले हिची गोई भेटली असती, पुरी, सुरुवातीपासून, तं हे थांबलं असतं?"

रुपालीला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायला तिच्याजवळ फार थोडं होतं.

"मावशी, काचेच्या बशीतल्या पेशींवर जे पडतं, ते थेट पडतं. बशीतल्या पेशीला पोट नसतं, आतडं नसतं, लिव्हर नसतं. आपण गोळी गिळतो, तेव्हा त्यातलं किती जिभेपर्यंत पोचतं, पोचलं तर तिथे काही करतं का, हेच माहीत नाही. ते शोधायलाच हा अभ्यास आहे."

"मंग हिचा कसा थांबला?"

"त्यांचा गालात आहे, तुमचा जिभेच्या कडेला. जिभेच्या कडेचे चट्टे जास्त बिघडतात. त्यांचा गोळीने थांबला, गुडाखू सोडला म्हणून थांबला, की थांबणारच होता, हे एका माणसावरून सांगता येत नाही. मला नाही सांगता येत. कोणालाच नाही."

गुलनारने चौकटीवर डोकं टेकलं. "मंजे माही बी..." एवढंच म्हणून ती थांबली. ज्या गोळीसाठी तिने हे सगळं केलं होतं, ती खरी होती, पण कामाची होती की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं.

पंचफुला मात्र वेगळाच हिशेब करत होती. गोळी गेली तर गेली. ती तशीही संगणकाने गुलनारच्या नावाने काढली होती. पण जून गेला, आषाढ गेला, अर्धा श्रावण गेला. त्या दिवसांत ती रोज सकाळी एक लाल गोळी पाण्याबरोबर गिळत होती आणि आरशात जीभ बाहेर काढून म्हणत होती, होतंय, होतंय, काम चालू आहे. कोणी तरी, एक जण, जाणून होतं की काहीही चालू नाही. आणि ते कोणी तरी दर खेपेला एसटीत तिच्या शेजारी बसून, ओढणीवर गोळ्या मांडून, इकडून तिकडे हात फिरवत वाटल्याचं सोंग करत होतं. "ही तुले, ही मले," असं तोंडाने म्हणतसुद्धा होतं. पंचफुला तेव्हा खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाटीकडे पाहत असायची. ज्याच्यावर विश्वास असतो, त्याचे हात कोण पाहतो?

"आता किती कापतीन?" तिने विचारलं.

"जूनमध्ये वाटाण्याएवढं म्हटलं होतं. आता त्याहून मोठं, आणि कडेने जरा मागेपर्यंत. टाके पडतील. काही दिवस पातळच खायचं."

"बोलता येईन?"

"येईल. त, द, स असे आवाज आधी अडखळतील. शिकवणाऱ्या बाई आहेत इथे, त्या करून घेतात."

त, द, स. पंचफुलाने मनातल्या मनात वंदनेची सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत तिची जीभ दातांच्या मागे जाऊन लागली. किती वेळा लागते ती! आजवर तिने कधी मोजलं नव्हतं.

"अन् गाणं?"

"ते मी नक्की सांगू शकत नाही, मावशी."

सकाळपासून तिने बरंच ऐकलं होतं. या एका वाक्यात मात्र कोणी तिला समजावत नव्हतं की सांभाळत नव्हतं. जेवढं होतं तेवढं समोर ठेवलं होतं.

गुलनार दोन पावलं आत आली. "मी येतो ऑपरेशनले," ती घाईघाईने म्हणाली. "राहतो तुह्यापाशी. पेज करून आणतो, जितके दिवस लागतीन तितके दिवस. वाहिद नाई म्हणत नाई. मले राहू दे बाई, तेवढं तरी करू दे."

पंचफुला वळली. इतक्या वेळात तिने पहिल्यांदाच गुलनारकडे सरळ पाहिलं. गुलनारचे डोळे सुजले होते, नाक लाल झालं होतं, आणि ती खरंच बोलत होती. त्यात सोंग नव्हतं. जूनमध्येही चेहरा असाच दिसला होता. दोन्हींत फरक कसा करायचा, हे आता पंचफुलाला उमगेना. तेवढंच तिच्याजवळून कायमचं गेलं होतं.

"संघदीप येईन," ती म्हणाली. "तू घरी जाय. यष्टी निंगून जाईन."

"बाई..."

"जाय म्हटलं नं."

गुलनार हलली नाही. पंचफुलाही तिच्याशी पुढे बोलली नाही. तिने टेबलाकडे तोंड केलं, पदर खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचला, विहारात वंदनेला उभी राहताना खोचायची तसा. बाहेर व्हरांड्यात बाया अजून कान देऊन बसल्या होत्या. तिने आवाज मुद्दाम खाली ठेवला नाही. एकेक अक्षर तिच्या जिभेवरून, अजून पुऱ्या असलेल्या त्या जिभेवरून, स्वच्छ आणि ठासून निघालं, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"तारीख लिहा मॅडम. मी ऑपरेशन करून घेतो."